डॅशबोर्डवरचा आकडा मूळ नोंदींशी जुळत नाही: कोणत्या क्रमाने काय तपासावे

पॉवर बीआय, लुकर स्टुडिओ किंवा टॅब्लो क्लाउड यांपैकी कोणत्याही साधनात डॅशबोर्ड (आकडे आणि आलेख एकत्र दाखवणारे पान) तयार करून देणाऱ्याकडे एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: मूळ प्रणालीतून काढलेल्या यादीची बेरीज एक येते आणि डॅशबोर्डवर दुसरीच दिसते. तक्रार आली की बहुतेक जण थेट सूत्र उघडून बसतात. ही दुरुस्ती वारंवार केल्यावर माझे मत असे झाले आहे की सूत्राची पाळी बरीच उशिरा यायला हवी. बहुतेक वेळा सूत्र बरोबर असते; ते फक्त भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत असते, म्हणजे वेगळ्या कालावधीचे, वेगळ्या फिल्टरचे किंवा मधेच थांबलेल्या डेटाचे. म्हणून पुढील क्रम सर्वांत सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासापासून सुरू होतो.

लक्षणे

दुरुस्तीला हात लावण्याआधी फरक कसा आहे ते लिहून काढावे. ‘आकडा चुकतो’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. फरकाच्या स्वरूपावरून मात्र अर्धे निदान होते.

- जुने महिने तंतोतंत जुळतात, फक्त शेवटचा एखादा दिवस किंवा आठवडा कमी भरतो.
- महिन्याची बेरीज जवळपास जुळते, पण एका दिवसातून कमी झालेली रक्कम शेजारच्या दिवसात जास्त दिसते.
- डॅशबोर्डवरचा आकडा मोठा येतो, आणि तोही काही ग्राहकांच्या किंवा काही ऑर्डरच्या बाबतीत नेमका दुप्पट किंवा तिप्पट.
- एकच पान दोन जणांनी उघडले तर दोघांना दोन आकडे दिसतात.
- तक्त्याच्या सगळ्या ओळी बरोबर असतात, पण तळाची एकूण त्या ओळींच्या बेरजेइतकी नसते.
- नाव नसलेला, ‘रिकामा’ असा एक गट आलेखात उगवतो आणि त्यात बरीच रक्कम जमा झालेली असते.

एकाच डॅशबोर्डवर यांपैकी दोन लक्षणे एकत्रही येऊ शकतात. तेव्हा एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर एका दोषाने दुसरा झाकला जातो आणि आकडा योगायोगाने जुळून दुरुस्ती झाल्यासारखी वाटते.

दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत का?

या तपासासाठी साधनात शिरावेही लागत नाही. ‘विक्री’ म्हणताना एका विभागाला नोंदवलेल्या ऑर्डर अभिप्रेत असतात, दुसऱ्याला रवाना झालेला माल आणि तिसऱ्याला बिलाची रक्कम. त्यात कर धरला आहे का, रद्द झालेल्या ऑर्डर आणि परत आलेला माल वजा केला आहे का, महिना ऑर्डरच्या तारखेने मोजला की बिलाच्या तारखेने, हे प्रश्न तक्रार करणाऱ्याला सरळ विचारावेत. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात आणि मग डॅशबोर्डवर दुरुस्त करण्याची गोष्ट आकडा नसून त्या आकड्याचे शीर्षक असते.

व्याख्या जुळल्या तरी लगेच पुढे जाऊ नये. फरक लहान करत न्यावा: वर्षाचा फरक महिन्यावर, महिन्याचा एका दिवसावर, आणि मग त्या एका दिवसाच्या ऑर्डर क्रमांकांची यादी दोन्हीकडून काढून शेजारी शेजारी लावावी. आलेखामागच्या नोंदी निर्यात करण्याची सोय या तिन्ही साधनांत आहे, फक्त तशी परवानगी असावी लागते. या यादीत एखादा क्रमांक एकीकडे नसेल, तर दोष फिल्टर, रिफ्रेश (मूळ प्रणालीतून डेटा पुन्हा आणणे) किंवा परवानगीत शोधावा. एखादा क्रमांक दोनदा आला असेल, तर दोष तक्ते जोडण्याच्या पद्धतीत आहे. क्रमांक तोच पण रक्कम वेगळी असेल, तर डेटाच्या प्रकाराकडे किंवा मूळ नोंद नंतर बदलली गेली का इकडे पाहावे. क्रमांकही जुळले आणि रकमाही जुळल्या, तरी एकूण वेगळी दिसत असेल, तर बेरीज करण्याची रीतच तपासावी लागेल. पूर्ण तपासात यापेक्षा मोलाचे काम दुसरे नाही, आणि कंटाळवाणे म्हणून नेमके हेच टाळले जाते.

कोणते फिल्टर अजून लागलेले आहेत?

पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत वाचकाने मागच्या वेळी निवडलेले फिल्टर आणि स्लायसर (पानावरच निवड करण्याच्या चौकटी) लक्षात ठेवले जातात. त्याने पंधरवड्यापूर्वी एखादा विभाग निवडून पान बंद केले असेल, तर आज पान त्याच निवडीसह उघडते आणि त्याला तो संपूर्ण संस्थेचा आकडा वाटतो. रिपोर्ट मूळ स्थितीत आणणारे बटण दाबणे हा सेकंदाचा तपास आहे आणि तो आधी वाचकाकडूनच करून घ्यावा. आलेखातील एखाद्या स्तंभावर नकळत टिचकी पडली असेल तरी पानावरील बाकीचे आलेख तेवढ्यापुरते गाळले जातात. रिकाम्या जागेवर टिचकी मारली की ही निवड निघते.

त्यानंतर रचनाकाराने स्वतः लावलेले फिल्टर पाहावेत. ते तीन पातळ्यांवर असू शकतात: एका आलेखापुरते, एका पानापुरते आणि संपूर्ण रिपोर्टसाठी. फिल्टरची चौकट वाचकांपासून लपवलेली असेल, किंवा दुसऱ्या पानावरील स्लायसर या पानाशी जोडलेला असून इथे दाखवलाच नसेल, तर केवळ पाहून काहीच कळत नाही. लुकर स्टुडिओत तारखांचा कालावधी ‘ऑटो’वर सोडला असेल आणि माहिती गूगल अ‍ॅनालिटिक्समधून येत असेल, तर आजचा दिवस वगळून मागचे २८ दिवस धरले जातात. महिन्याच्या आकड्याशी तुलना करणाऱ्याला हा फरक दर महिन्यात थोडा थोडा दिसतो आणि त्याला तो हिशेबातला दोष वाटतो.

टॅब्लोमध्ये याच गटातला एक अवघड प्रकार आहे. ‘फिक्स्ड’ प्रकारची गणना (ठरावीक गटांसाठी बांधून ठेवलेली) साध्या डायमेन्शन फिल्टरच्या, म्हणजे विभागासारख्या गटांवरच्या फिल्टरच्या, आधी होते, त्यामुळे वाचकाने विभाग निवडला तरी तो आकडा हलत नाही. तो फिल्टर ‘कॉन्टेक्स्ट’मध्ये, म्हणजे आधी लागणाऱ्या फिल्टरांत, टाकला की गणना त्यानंतर होते. आकडा हलला, तर कारण सापडले.

डेटा शेवटचा कधी आला?

शेवटचे काही दिवसच कमी भरत असतील, तर इथे सर्वाधिक वेळ द्यावा. प्रत्येक साधनाचा ताजेपणाचा हिशेब वेगळा आहे. लुकर स्टुडिओ गूगल शीट्सची माहिती मुळात १५ मिनिटांपर्यंत जुनी दाखवू शकतो, तर बिगक्वेरी या गूगलच्या डेटासाठ्याची १२ तासांपर्यंत. ही मुदत डेटा सोर्सच्या मांडणीत बदलता येते आणि संपादकाला हाताने रिफ्रेशही करता येते. पॉवर बीआयमध्ये आयात केलेल्या डेटाचे वेळापत्रकी रिफ्रेश प्रो परवान्यावर दिवसातून ८ वेळा आणि प्रीमियमवर ४८ वेळा ठरवता येते. सकाळी नऊच्या बैठकीत आठ वाजताच्या नोंदी दिसाव्यात अशी अपेक्षा असेल आणि रिफ्रेश पहाटे ठेवलेले असेल, तर तिथे बिघाड नाहीच, वेळापत्रक बदलणे एवढेच काम आहे.

वेळापत्रक परस्पर बंद पडल्याचेही अनेकदा आढळते. पॉवर बीआयमध्ये सलग ४ वेळा रिफ्रेश फसले की वेळापत्रक बंद होते, आणि रिपोर्ट कोणीच दोन महिने उघडला नाही तरी ते थांबवले जाते. टॅब्लोमध्ये एक्स्ट्रॅक्टचे (डेटाच्या साठवलेल्या प्रतीचे) रिफ्रेश सलग ५ वेळा फसल्यावर स्थगित होते. मूळ कारण बरेचदा किरकोळ असते: कोणीतरी पासवर्ड बदललेला असतो, किंवा संस्थेच्या आतल्या सर्व्हरकडे जाणारा गेटवे ज्या संगणकावर बसवला आहे तो रात्री झोपी जातो. रिफ्रेशच्या इतिहासात काय चुकले हे सांगणारा संदेश वेळेसह नोंदलेला असतो. तो शब्दशः उतरवून ठेवावा.

इतिहासात ‘यशस्वी’ असे हिरवे शब्द दिसले म्हणून समाधान मानू नये. रिफ्रेश यशस्वी होणे म्हणजे मागितलेला डेटा आला एवढेच. मागितले काय होते हे वेगळे पाहावे लागते. शीट्सची जोडणी करताना ठरावीक पट्टा दिला असेल, समजा पहिल्या ५०० ओळींचा, तर पाचशेएकावी ओळ कधीच येणार नाही आणि कोणतीही चूकही दाखवली जाणार नाही. त्याच जोडणीत लपवलेल्या व गाळलेल्या सेलचा समावेश करायचा की नाही याचीही एक खूण असते, आणि शीटमध्ये कोणी फिल्टर लावून ठेवला असेल तर ती निर्णायक ठरते. यावर माझा एक आग्रह आहे: डॅशबोर्डच्या कोपऱ्यात रिफ्रेशची वेळ दाखवण्याऐवजी डेटातील सर्वांत अलीकडच्या नोंदीची तारीख दाखवावी. रिफ्रेश आज झालेले असते आणि नोंद मागच्या गुरुवारची असते, हे वाचकाला स्वतःच दिसले की निम्म्या तक्रारी योग्य शब्दांत येतात.

पॉवर बीआयपुरती आणखी एक गोष्ट. तिथे ‘रिपोर्ट’ आणि ‘डॅशबोर्ड’ या वेगळ्या वस्तू आहेत. रिपोर्टमधला आलेख डॅशबोर्डवर टाचला (पिन केला), की टाचताना लागलेले फिल्टर त्या चौकटीसोबत जातात. नंतर रिपोर्टमध्ये फिल्टर बदलले तरी टाचलेली चौकट बदलत नाही. ती काढून नव्याने टाचावी लागते.

कोणाच्या नजरेतून पाहत आहात?

दोन जणांना दोन आकडे दिसत असतील आणि फिल्टर मूळ स्थितीत आणूनही फरक राहत असेल, तर परवानगी तपासावी. पॉवर बीआयमध्ये ओळींच्या पातळीवर लावलेली सुरक्षा केवळ ‘व्ह्यूअर’ (फक्त पाहण्याची परवानगी) असलेल्यांना लागू होते. त्या वर्कस्पेसचे (रिपोर्ट ठेवलेल्या सामायिक जागेचे) अ‍ॅडमिन, मेंबर आणि काँट्रिब्यूटर यांना सगळ्या ओळी दिसतात. म्हणजेच डॅशबोर्ड बांधणाऱ्याने आपल्या खात्यातून कितीही वेळा पाहिले तरी त्याला वाचकाचा आकडा दिसणार नाही. भूमिका निवडून पाहण्याची सोय वापरावी, किंवा वाचकाच्या शेजारी बसावे. लुकर स्टुडिओत डेटा सोर्स मालकाच्या ओळखीने उघडतो की पाहणाऱ्याच्या, हे पाहावे. पाहणाऱ्याच्या ओळखीने उघडत असेल, तर ज्याला मूळ तक्त्याची परवानगी नाही त्याला आलेखाऐवजी चूक दिसते.

तारखा आणि वेळेचा पट्टा

पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत ‘टुडे’ आणि ‘नाऊ’ ही फंक्शने यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) उत्तर देतात. तेच सूत्र आपल्या संगणकावरील पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये स्थानिक घड्याळ वापरते. त्यामुळे ‘आजची विक्री’ हे मेजर (गणनेचे सूत्र) तयार करताना बरोबर चालते आणि प्रकाशित केल्यावर दिवसाच्या काही तासांत भलत्याच दिवसाचा आकडा दाखवते. स्थानिक वेळ यूटीसीच्या पुढे असेल तर हे मध्यरात्रीनंतरच्या तासांत घडते, मागे असेल तर संध्याकाळच्या. मूळ प्रणालीत वेळ यूटीसीत साठवलेली असेल आणि तिचा अहवाल मात्र स्थानिक वेळेत छापला जात असेल, तर दोन दिवसांच्या सीमेवरच्या नोंदी एकमेकींच्या दिवसात जातात. हेच ते शेजारच्या दिवसात जास्त दिसण्याचे लक्षण. इलाज म्हणजे वेळेतून तारीख वेगळी काढण्यापूर्वी तिचे स्थानिक वेळेत रूपांतर करणे. क्रम उलटा झाला तर उपयोग नाही, कारण तारीख काढल्यावर तास शिल्लकच राहत नाहीत.

दिवस-महिन्याच्या क्रमाचा दोष याहून फसवा आहे. ०३/०४ ही तारीख कोणत्याही क्रमाने वाचली तरी वैध ठरते, म्हणून ३ एप्रिलची नोंद गुपचूप ४ मार्चमध्ये जाते. १३ किंवा त्यापुढचा दिवस मात्र महिना म्हणून वाचता येत नाही, म्हणून तिथे चूक येते किंवा जागा रिकामी राहते. आलेखात प्रत्येक महिन्याचे पहिले १२ दिवस विचित्र आणि उरलेले गायब दिसले, तर दुसरे काही शोधूच नये. तारखेचा प्रकार ठरवताना मूळ फाइलचे लोकेल (तारीख लिहिण्याची प्रादेशिक पद्धत) स्पष्टपणे सांगावे.

न जुळणारे कोड

‘रिकामा’ गट बहुधा असा तयार होतो: विक्रीच्या तक्त्यात एखाद्या ग्राहकाचा कोड आहे, पण ग्राहकांच्या तक्त्यात तो नाही. पॉवर बीआय अशा सर्व रकमा एका रिकाम्या ओळीखाली गोळा करतो. तो गट फिल्टरने लपवू नये. लपवला की एकूण कमी होते आणि तक्रार नव्या रूपात परत येते. न सापडलेल्या कोडांची यादी काढून ग्राहकांचा तक्ता पूर्ण करून घ्यावा.

कोड दोन्हीकडे आहे असे डोळ्यांना दिसते आणि तरी जुळत नाही, तेव्हा मोकळ्या जागा आणि अक्षरांचा आकार पाहावा. पॉवर बीआयचे इंजिन मजकुराच्या शेवटी असलेल्या मोकळ्या जागा आपोआप काढते, पण सुरुवातीच्या काढत नाही. पॉवर क्वेरी (डेटा आत घेताना तो साफ करणारा भाग) इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते, तर मॉडेल (एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांचा संच) करत नाही. म्हणून पॉवर क्वेरीत वेगळे ठरलेले दोन कोड मॉडेलमध्ये एकच होतात आणि ‘स्तंभात एकच मूल्य दोनदा आहे’ असा संदेश येतो, जो आपण नुकतीच दुरुक्ती काढून टाकली असल्यामुळे अगदीच अतर्क्य वाटतो. आधी सर्व कोड एकाच आकाराच्या अक्षरांत आणावेत, मोकळ्या जागा काढाव्यात, आणि दुरुक्ती त्यानंतर काढावी.

जोडताना वाढलेल्या ओळी

आकडा नेमक्या पटीत मोठा असेल, तर इथे या. १,००० रकमेची एक ऑर्डर आहे आणि तिचे पैसे तीन हप्त्यांत आले आहेत. ऑर्डरचा तक्ता हप्त्यांच्या तक्त्याशी ऑर्डर क्रमांकावर जोडला, की त्या ऑर्डरच्या तीन ओळी होतात आणि प्रत्येकीवर १,००० लिहिलेले असतात; बेरीज ३,०००. त्यातच माल दोन खेपांत गेला असेल आणि खेपांचा तक्ताही त्याच क्रमांकावर जोडला, तर ओळी सहा आणि बेरीज ६,०००. ज्या ऑर्डरचा हप्ता एक आणि खेप एक, त्या बरोबर दिसतात, म्हणून नमुन्याला दोन-चार ऑर्डर पाहून ‘ठीक आहे’ म्हणणारा हमखास फसतो.

तपास सोपा आहे. जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर ओळी मोजाव्यात. मग ज्या स्तंभावर जोडले त्यातील एकूण मूल्ये आणि वेगवेगळी मूल्ये मोजून दोन्ही संख्या जुळतात का ते पाहावे. मुख्य तक्त्याला जो तक्ता जोडला, त्यात त्या जुळल्याच पाहिजेत.

इलाज करताना एक पळवाट हमखास सुचते: वेगवेगळ्याच रकमांची बेरीज घेणे. ती घेऊ नये. दोन वेगळ्या ग्राहकांनी योगायोगाने सारख्याच रकमेची ऑर्डर दिली असेल, तर त्यांतली एक गायब होते. आज मोठा असलेला आकडा उद्या लहान होतो, आणि हा दुसरा दोष शोधणे पहिल्यापेक्षा कठीण जाते. बरोबर मार्ग दोन आहेत. एक, हप्ते आधी ऑर्डरनिहाय एकत्र करून प्रत्येक ऑर्डरची एकच ओळ करावी आणि मग जोडावे. दुसरा, ऑर्डर आणि हप्ते हे तक्ते एकमेकांना जोडूच नयेत. दोन्ही तक्ते तारीख, ग्राहक, उत्पादन अशा सामायिक तक्त्यांना जोडावेत. वाढत जाणाऱ्या डॅशबोर्डसाठी मी दुसराच निवडतो. लुकर स्टुडिओच्या ब्लेंडमध्ये पाचपर्यंत तक्ते एकत्र करता येतात, पण ही सोय आहे म्हणून पाचही जोडावेत असे नाही, कारण प्रत्येक जोडणीत वरचाच गुणाकार दडलेला असू शकतो. पॉवर बीआयमध्ये ‘अनेकांशी अनेक’ असे नाते (जोडणीच्या स्तंभात दोन्ही तक्त्यांत एकच मूल्य अनेकदा येते अशी जोडणी) किंवा दोन्ही दिशांनी वाहणारा फिल्टर दिसला, तर तो कोणी, कशासाठी ठेवला याचे उत्तर मिळेपर्यंत त्यावर संशय ठेवावा.

ओळी बरोबर, एकूण वेगळी

हा पुष्कळदा दोष नसतोच. जानेवारीत ४० ग्राहक आले, फेब्रुवारीत ५०, आणि त्यांतले १५ दोन्ही महिन्यांत आले. तर दोन महिन्यांचे वेगवेगळे ग्राहक ७५ होतात, ९० नव्हे. साधन बरोबर सांगते आहे. टक्केवारीत मात्र खरी चूक होऊ शकते: एका गटात १० पैकी ५ म्हणजे ५० टक्के, दुसऱ्यात ९० पैकी ९ म्हणजे १० टक्के, टक्केवारींची सरासरी ३० येते, पण खरे प्रमाण १०० पैकी १४ म्हणजे १४ टक्के आहे. म्हणून टक्केवारीचा स्तंभ मूळ तक्त्यात तयार करून त्याची सरासरी घेऊ नये. अंश आणि छेद यांच्या वेगळ्या बेरजा करून शेवटी भागाकार करावा.

कधी थांबावे आणि कोणाला बोलवावे

एखाद्याला त्याच्या अधिकाराबाहेरच्या ओळी दिसत असल्याचे आढळले, तर आकडा जुळवण्याचे काम तिथेच सोडावे, त्या रिपोर्टचे शेअरिंग तात्पुरते काढावे आणि साधनाच्या प्रशासकाला लगेच कळवावे. परवानग्यांची दुरुस्ती प्रयोग करून पाहण्याची गोष्ट नाही. एका दिवसाच्या यादीवरून नोंद डेटा वेअरहाऊसमध्येच (संस्थेच्या मध्यवर्ती डेटासाठ्यातच) नाही किंवा तिथेच दोनदा आहे असे दिसले, तर डॅशबोर्डमध्ये ठिगळ लावू नये. तो डेटा अभियंत्याचा प्रांत आहे, कारण त्याच तक्त्यावर इतरही रिपोर्ट उभे असतात. गेटवे, सर्व्हरची खाती आणि फायरवॉल यांना माहिती-तंत्रज्ञान विभागाशिवाय हात लावू नये. मॉडेल इतर विभागही वापरत असतील, तर त्यातील नाती बदलण्यापूर्वी त्या मॉडेलच्या मालकाची संमती घ्यावी. आणि दुरुस्तीमुळे हिशेबात किंवा सरकारदरबारी आधीच सादर झालेला आकडा बदलणार असेल, तर आधी लेखापालाशी बोलावे. तोवर जुनी आवृत्ती तशीच प्रकाशित ठेवावी.

मदत मागताना केवळ पानाचे छायाचित्र पाठवू नये. ज्या एका ऑर्डरवर फरक दिसतो तिचा क्रमांक, दोन्हीकडच्या रकमा, आकडे कोणत्या वेळी आणि कोणाच्या खात्यातून पाहिले ते, रिफ्रेशच्या इतिहासातील संदेश, आणि कोणते तपास करून झाले त्यांची नोंद सोबत द्यावी. सूत्रात किंवा नात्यात काही बदल करून पाहिला असेल, तर बदलापूर्वीची प्रतही जोडावी.